गोकुळीचे गोरस आणि दृष्टीआडची सृष्टी

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री पाळण्याची दोरी ओढली जाते, सुंठवड्याची चिमूट हातावर पडते आणि दुसऱ्या दिवशीच्या पारण्यासाठी घरोघरी दही लावलेले असते. गोकुळाष्टमी हा जसा श्रीकृष्णजन्माचा, तसाच तो गोरसाचाही सोहळा आहे. दूध, दही, ताक, लोणी आणि तूप ही पाचही रूपे या दोन दिवसांत देवापुढे येतात आणि प्रसाद होऊन आपल्या मुखी लागतात. त्या पाचांपैकी दूध सर्वांत नाशवंत आणि तूप सर्वांत टिकाऊ, हे ज्ञान आपल्या घरांतील स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. मात्र एकाच दुधाच्या नशिबी हे भिन्न भोग का यावेत, आणि ज्या दुधाला आपण अमृत म्हणतो तेच क्वचित प्रसंगी घरभर आजार का पसरविते, याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एका सृष्टीत आहे.

कासेतून धारेने पडणारे दूध निरोगी जनावराचे असेल तर त्यात सूक्ष्मजंतूंची संख्या अत्यल्प असते. पुढे कासेची त्वचा, दोहणाऱ्याचे हात, चरवी, गोठ्यातील धूळ, पातळ करण्यासाठी घातलेले पाणी या प्रत्येक पायरीवर नवे पाहुणे त्यात उतरतात. दुधात साखर आहे, प्रथिने आहेत, क्षार आहेत आणि ऊबही आहे; सूक्ष्मजंतूंना याहून अधिक काय हवे? अनुकूल उष्णतेत त्यांच्यापैकी पुष्कळांची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. आरंभ एकापासून धरला तर चार तासांत ४,०९६ आणि आठ तासांत १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६ असा हा हिशेब होतो. पहाटे काढलेले दूध तसेच ठेवले तर दुपारपर्यंत ते का राहत नाही, याचे इंगित या गुणाकारात आहे.

दूध आपोआप आंबते ती केवळ हवेची करणी नसून सजीवांची करणी आहे, हे फ्रान्समधील लील या नगरीत लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले. पुढे शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रूढ करणारे इंग्रज शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी दूध आंबविणारा जंतू इतरांपासून वेगळा करून दाखविला व १८७८ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. हा जंतू दुधातील शर्करेचे दुग्धाम्ल करतो. आम्लता वाढत गेली की दुधातील केसीन नावाचे प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाही. त्याचे कण एकमेकांना बिलगतात व एक नाजूक जाळे विणले जाते. त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून राहिले म्हणजे त्यालाच आपण कवडीदार दही म्हणतो.

येथे गृहिणीच्या विरजणाचे मोल ध्यानी येते. कोमट दुधात अर्धा चमचा चांगले दही मिसळणे म्हणजे कोट्यवधी हितकारक जंतूंची वसाहत एकदम आणून बसविणे. ते आधी येतात, आधी वाढतात, आम्ल निर्माण करतात आणि त्या आम्लात दुष्ट जंतूंचा जम बसू देत नाहीत. दूध फार गरम असताना विरजले तर ही वसाहत भाजून निघते. फार थार असेल तर ती आळसावून बसते आणि मधल्या काळात भलत्यांचेच फावते. म्हणून तर आपल्या आज्या बोट बुडवून दुधाची ऊब पाहत आणि थंडीच्या दिवसांत भांडे कापडात गुंडाळून ठेवीत. कधी कधी सगळे यथास्थित करूनही दही लागत नाही. अशा वेळी दूध देणाऱ्या जनावराला नुकतेच प्रतिजैविक औषध टोचलेले असण्याचा संभव असतो. त्याचा अंश दुधात उतरतो आणि विरजणातील बिचारे जंतूच आधी गारद होतात.

रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते शरीराच्या रोगप्रतिकारासंबंधीच्या कार्याबद्दल; पण सामान्य जनांत त्यांची कीर्ती झाली ती दह्यामुळे. बल्गेरियातील शेतकरी दह्यामुळे दीर्घायुषी होतात, असे त्यांचे मत होते. त्यात उत्साहाचा भाग बराच होता. दह्याचा खरा थोरवा मला अधिक साधा वाटतो: शीतकपाट नसलेल्या काळात, उष्ण प्रदेशात, दुधाचे सत्त्व दोन दिवस सुरक्षित ठेवण्याची युक्ती मानवाला त्याने दिली.

आता दुधाकडे वळू. पूजेतील अभिषेकाला आणि पंचामृताला काही घरांत निरसे, म्हणजे न तापविलेले दूधच लागते. देवाला अर्पण करावयाचे ते निसर्गाने दिले तसेच असावे, ही त्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु तेच दूध तीर्थ म्हणून लहानथोरांच्या ओंजळीत पडते, तेव्हा प्रश्न भावनेपुरता राहत नाही. या संदर्भात माल्टा बेटाची हकीगत सांगण्यासारखी आहे.

भूमध्य समुद्रातील माल्टा हे त्या काळी ब्रिटिश आरमाराचे ठाणे होते. तेथील सैनिकांना आणि रहिवाशांना एक विचित्र ताप जडे. तो चढे, उतरे, पुन्हा चढे. सांधे दुखत, घाम सुटे आणि महिनेन्‌महिने माणूस अंथरुणाला खिळून राही. सैन्यातील डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली या रोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. परंतु तो येतो कोठून, हे कोणास उमगेना. हवा, पाणी, डास यांच्यावर संशय घेऊन झाला. अखेर १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांनी तेथील शेळ्यांचे रक्त तपासले आणि गुन्हेगार सापडला. दारोदार फिरवून ग्राहकासमोर पिळल्या जाणाऱ्या, दिसायला धडधाकट असलेल्या त्या शेळ्यांच्या दुधातच रोगाचे बीज होते. १९०६ पासून सैन्यातील जवानांचे शेळीचे दूध बंद झाले आणि त्यांच्यातील तापाचे प्रमाण झपाट्याने घसरले. नागरिक मात्र ते दूध पीतच राहिले आणि आजारीही पडत राहिले.

‘आमच्या डोळ्यांसमोर काढलेले ताजे दूध’ या शब्दांवर आपण विसंबतो. माल्टातील शेळ्यांचे दूधही डोळ्यांसमोरच काढलेले होते! ब्रुसेला नावाचा तो जंतू आपल्या देशातील गाई, म्हशी व शेळ्यांमध्येही आढळतो. क्षयाचा गोजातीय प्रकारही निरशा दुधातून माणसाकडे येऊ शकतो. जनावर प्रेमळ आहे, घरचे आहे, त्याची पूजा होते, यामुळे रोगाचा जंतू त्याला वगळीत नाही.

सुदैवाने उपाय सोपा आहे आणि तो आपल्या चुलीवर पूर्वापार चालत आला आहे. पाश्चर यांनी मद्य टिकविण्यासाठी बेताची उष्णता देण्याची रीत काढली होती. तिचा उपयोग बालकांच्या दुधासाठी करावा, असे म्युनिक येथील कृषिरसायनज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८८६ साली सुचविले. आज दुग्धशाळांत दूध ६३ अंश सेल्सियसला तीस मिनिटे किंवा ७२ अंशांना पंधरा सेकंद तापवून तत्काळ थंड करतात. हे आकडे कोणी मनास येईल तसे ठरविलेले नाहीत. क्षयाचा जंतू दुधातील इतर रोगजंतूंपेक्षा उष्णतेला अधिक दाद देत नाही. तो मेला की इतर मेलेच, हा प्रारंभीचा आधार होता. पुढे ‘क्यू’ ज्वराचा जंतू त्याहूनही चिवट निघाला, तेव्हा अमेरिकेत १९५० च्या दशकात ही मर्यादा किंचित वर सरकविण्यात आली.

मुंबईकरांना या विद्येचा लाभ विसाव्या शतकाच्या मध्यास मिळू लागला. शहरभर विखुरलेल्या तबेल्यांतील म्हशी एका ठिकाणी नेऊन त्यांचे दूध शास्त्रीय रीतीने हाताळावे, या हेतूने १९४९ साली आरे दुग्धवसाहत उभी राहिली. तिकडे गुजरातेतील आणंद येथे १९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्ह्याच्या सहकारी संघाचे दूधही मुंबईच्या दूध योजनेला मिळू लागले. मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी आणि आणंदचे त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन या तिघांना १९६३ सालचा मॅगसेसे पुरस्कार एकत्रितपणे देण्यात आला. काचेच्या बाटल्या घेऊन पहाटे दूधकेंद्रावर रांगेत उभे राहिलेल्या पिढीला हे सांगावयास नकोच.

दुग्धशाळेत दूध स्वीकारताना एक सुंदर चाचणी करीत असत. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे थोडे द्रावण दुधात मिसळून ते कोमट ठेवायचे. जंतू जितके अधिक तितका तो निळा रंग लवकर नाहीसा होतो. अर्ध्या तासात पांढरे झालेले दूध वाईट, तासन्‌तास निळे राहिलेले चांगले. दुसरी चाचणी तर आपल्या प्रत्येक घरात नित्य होते आणि तिचे श्रेय कोणी घेत नाही: थोडे दूध उकळून पाहणे. आंबूस वास यावा इतके आम्ल अद्याप झालेले नसले तरी उकळी येताच ते दूध फाटते. ‘आज दूध नासले’ असे म्हणत गृहिणी कपाळाला हात लावते, तेव्हा तिने प्रयोगशाळेचेच काम केलेले असते.

उकळीने रोगजंतू मरतात, तरी काही जातींची बीजुके मरत नाहीत. बीजुक म्हणजे त्या जंतूची कवचात दडून बसलेली निद्रिस्त अवस्था. दूध तापविले आणि मग तासन्‌तास ओट्यावर कोमट राहू दिले, तर ही बीजुके जागी होतात. म्हणून दिवसातून तीनदा दूध तापविण्याने जे साधत नाही ते एकदा नीट तापवून, लवकर निववून, थंड जागी ठेवल्याने साधते. शीतकपाटही सर्वसमर्थ नाही. थंडीतही हळूहळू वाढणारे जंतू आहेत. त्यांनी सोडलेली पाचकद्रव्ये पुढे दूध उकळले तरी टिकतात आणि दुधाला कडवट चव आणतात. पिशवीतील दूध पाश्चरीकृत असते हे खरे. परंतु कारखान्यापासून आपल्या दारापर्यंत ते किती काळ उन्हात राहिले हे आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा ते उकळून घेण्याची आपली जुनी सवय सोडू नये, असेच माझे मत आहे. अभिषेकासाठी निरसे दूध हवेच असेल तर ते अभिषेकापुरते वेगळे असावे. ज्याचे तीर्थ होणार ते दूध आधी उकळून पूर्ण निववावे. पंचामृत पहाटे कालवून दुपारच्या आरतीपर्यंत उघड्यावर ठेवण्यापेक्षा पूजेच्या वेळीच कालविणे बरे. जाता जाता आणखी एक: दही आणि ताक कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात राहिले की ते कळकते. तो दोष जंतूंचा नव्हे, आम्लात उतरलेल्या धातूचा. पण पोटाला तोही मानवत नाही.

पंचामृतातील मधाविषयी मात्र स्पष्ट सांगणे अवश्य आहे. मध स्वतः सहसा नासत नाही, कारण त्यातील दाट साखरेत जंतूंना वाढता येत नाही. परंतु बोट्युलिनम या जंतूची बीजुके त्यात सुप्तावस्थेत असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही. वर्षाच्या आतील बालकाच्या अपक्व आतड्यात मात्र ती रुजतात व स्नायू लुळे पाडणारे विष निर्माण करतात. बालकांतील हा विकार १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. बाळाच्या जिभेवर मधाचे बोट लावण्याची आपली रीत किती प्रेमाची आहे हे कोण नाकारील? तरीही वर्ष पुरे होईपर्यंत ते बोट, आणि मध घातलेले तीर्थही, बाळाच्या ओठांपासून दूर ठेवावे. औषधाच्या चाटणातही मध घालायचा तो वैद्यांना विचारूनच.

सणासुदीला सर्वाधिक घात होतो तो खव्याच्या पदार्थांनी. पेढा, बर्फी, खव्याचे मोदक यांमुळे उलट्या झाल्या की आपण दूध ‘खराब’ होते असे म्हणतो. पुष्कळदा खोट दुधात नसते, हातात असते. स्टॅफिलोकॉकस या गोलाकार जंतूचे काही प्रकार माणसाच्या नाकात, त्वचेवर, आणि विशेषतः पिकलेल्या फोडात किंवा चिघळलेल्या जखमेत राहतात. निरोगी दिसणाऱ्या चारपाच माणसांपैकी एकाच्या नाकात तरी त्याचे ठाण असते. खवा आटविताना उष्णतेने सर्व जंतू मेलेले असतात. तो निवल्यावर मळताना आणि वळताना हाताबरोबर नवे येतात. निवलेला, ओलसर, सकस खवा त्यांना मोकळे रान देतो. काही तासांत ते एक विष तयार करतात आणि त्या विषाची खोड अशी की जंतू मेले तरी ते मरत नाही. पदार्थ पुन्हा तापवा, उकळा. जंतू नष्ट होतील, विष बहुतांशी राहील. त्याला वास नाही, चव नाही. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात कळा सुरू होतात. बहुतेक जण दिवसभरात सावरतात, परंतु लहान मुले व वृद्ध कोरडे पडतात.

हे विष किती कावेबाज असते याचा धडा जपानने सन २००० मध्ये घेतला. मार्चअखेर होक्काइडो येथील स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली. यंत्रांतील दूध कोमट स्थितीत अडकून राहिले, जंतू वाढले आणि त्यांनी विष सोडले. पुढे त्या दुधाची भुकटी झाली. उष्णतेने जंतू मेले, तपासणीत भुकटी चालण्याजोगी वाटली. तीच भुकटी ओसाका येथील कारखान्यात वापरली गेली आणि जूनच्या अखेरीस तेथील दूध प्यालेले तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. स्वच्छतेविषयी जगाला उपदेश करू शकेल अशा देशात, अद्ययावत यंत्रांवर, हे घडले.

आपल्याकडे स्वयंपाकघरातील सोवळ्याची परंपरा आहे. तिच्या मुळाशी स्वच्छतेचा विचार आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे: सोवळे नेसलेल्या हाताच्या बोटाला गळू झाले असेल तर त्या हाताने पेढे वळू नयेत. नैवेद्य मी केलाच पाहिजे, हा आग्रह त्या दिवशी बाजूला ठेवून जाऊबाईंना किंवा सुनेला पुढे करावे. साबणाने स्वच्छ धुतलेले हात, कापलेली नखे, शिंक आली तर तोंड फिरविणे आणि पुन्हा हात धुणे, इतके पुरे. विकतचा खवा सणाच्या आदल्या दिवसांत दूरदूरहून टोपल्यांत, ऊन्हातान्हात येतो. तो आणल्याबरोबर परतून घ्यावा, पण परतल्याने शिळा खवा निर्दोष होतो असे समजू नये. शक्य असल्यास घरी दूध आटवावे. श्रम पडतात खरे.

भाद्रपदात गौरी येतात. कोकणातील आणि इतर काही समाजांच्या घरांत दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा वा मासळीचा नैवेद्य असतो. त्या घरांसाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. मोठ्या पातेल्यातील रस्सा वरून निवलेला दिसला तरी मध्यभागी बराच वेळ कोमट राहतो. परफ्रिंजन्स नावाच्या जंतूची बीजुके शिजवूनही वाचतात आणि या कोमट, हवेविना असलेल्या गाभ्यात ती अतिशय वेगाने वाढतात. रात्रीचे उरलेले सकाळी नुसते ऊन करून वाढले की दुपारपर्यंत पंगतीतील निम्म्यांच्या पोटात मुरडा येतो. उरलेला रस्सा उथळ भांड्यांत वाटून लवकर गार करावा व वाढण्यापूर्वी खळखळून उकळावा. कच्चे मांस चिरलेल्या विळीवर न धुता कोशिंबिरीची काकडी चिरणे हा तर अविचारच होय. शाकाहारी महाप्रसादाच्या आमटीलाही पातेल्याचा हाच नियम लागू आहे. उकळत्या हंड्यावर झाकण ठेवून ती रात्रभर तशीच राहू देऊ नये. तांदळात दडणारी आणखी एका जंतूची बीजुके असतात, त्यामुळे शिजलेला भात आणि तांदळाची खीर यांनाही ओट्यावर रात्र काढू देणे बरे नव्हे.

तूप या सर्व प्रकरणांतून अलिप्त राहते. लोणी कढविताना त्यातील पाणी जवळजवळ सर्व उडून जाते आणि पाण्यावाचून जंतू वाढू शकत नाहीत. तुपाला कालांतराने खवट वास येतो तो मुख्यतः हवेतील प्राणवायूमुळे. लोण्यात मात्र पाणी असते; म्हणून बाळकृष्णाच्या वाटीतील लोणी त्याच दिवशी ताज्या ताकातून काढावे, ही रीत योग्यच आहे.

आणि गोपाळकाल्याविषयी. पोहे, लाह्या, भिजवलेली डाळ, काकडी, लोणचे, मिरची हे सगळे सकाळी चिरून, निवडून, झाकून ठेवता येते. दही आदल्या रात्री विरजलेले, नीट लागलेले, थोडे आंबटच असावे. आंबटपणा मोडण्यासाठी दूध घालायचे झाल्यास ते उकळून थंड केलेले असावे आणि काला कालविताना अगदी शेवटी घालावे. गल्लीतील हंडी दुपारी उशिरा फुटणार असेल तर तीत बांधलेला काला उन्हात तासन्‌तास लोंबकळत राहतो. तेव्हा वरच्या हंडीत दह्याऐवजी लाह्या, पोहे आणि नारळ बांधावेत आणि दह्याचा काला खाली घरात, झाकलेल्या पातेल्यात राहू द्यावा. गोविंदा खाली उतरून, हातपाय धुऊन आले की तो पळीने द्रोणांत वाढावा.